वजनकाट्याची वही

खाण बंद झाली तेव्हा काट्यावरच्या सात कोऱ्या वह्या
मी घरी आणल्या. चोरी म्हणा हवी तर.
रकाने छापलेलेच आहेत:
ट्रक क्रमांक, भरलेला, रिकामा, फरक.
त्यांतच आता लिहितो,
किंदळ, पेरल्या दोनशे, उगवल्या अकरा.
फरक एकशे एकोणनव्वद.

किंदळीचं असंच, उगो वेळीप म्हणतो.
दहा पंखांतले नऊ पोकळ.
वारा फुकट मिळतो, मग झाड कशाला मोजतंय?

उगो खाणीवर कधी आला नाही.
रिवणच्या वरचं रान त्याच्या पायांना पाठ.
बाहाव्याचं बी, त्याने सांगितलं,
कढत पाण्यात टाकायचं आणि रात्रभर विसरायचं.
रानजायफळाचं मात्र त्याच दिवशी, ओलं असतानाच.
मी नव्वद बिया सुपात वाळत घातल्या होत्या
तांबड्या जाळीसकट, नीट रांगेत.
उगोने सूप पाहिलं
आणि पानाला चुना लावत राहिला.
दुसऱ्या दिवशी म्हणाला,
"सगळें बीं म्हणजे भात न्हय रे."

निगडीची काडी सोपी.
पेन्सिलीएवढी जाड, दोन डोळे मातीत, दोन वर,
खालचा काप तिरका, वरचा सरळ,
नाहीतर शेंडा कुठला ते कळत नाही.
मला नाही कळलं. चाळिसांतल्या सहा उलट्या रोवल्या.
पाच वाळल्या.
एक मातीतल्या मातीत वळसा घेऊन वर आली.
ती मी कोणाला दिली नाही.

भिरंडीचं सांगायचं राहिलं.
बियांपासून केली तर नर की मादी
सात-आठ वर्षं पत्ता लागत नाही,
म्हणून फळत्या झाडाची काडी घेऊन कलम बांधतात.
मी हाताला लागली ती आडवी फांदी कापली.
कलम जगलं. चार वर्षांचं झालं.
अजून जमिनीलगतच पसरतंय,
आपण फांदी होतो हे सोडायला तयार नाही.
वर बघणारा शेंडा हवा होता, ते नंतर कळलं.
शशिकला म्हणते, "तुमचंच दिसतंय.
रस्त्यावर ट्रक वाजला की अजून मान वळते."

वळते.
दिवसाला सहाशे ट्रक, बावीस वर्षं,
एकेकाचं वजन मी लिहिलं, किलोपर्यंत.
तो सगळा दगड. वरची माती
काट्यावर कोणी आणलीच नाही.
ती पलीकडे ओतली, तिचाच हा ढिगारा.
त्यावर कंपनीचा अकेशिया उभा आहे
कवायतीला उभा केल्यासारखा,
खाली पाचोळा, गवताचं पातं नाही.

गेल्या वर्षी आम्ही तिथल्या उघड्या बाजूला
तीनशे रोपं नेली. करंज, माट, कुमयो,
उगोच्या हट्टापायी चिवारीचे कंद.
यंदा चवथ झाल्यावर मोजायला गेलो.
एक्याऐंशी.
मी वहीत लिहीत होतो, तेवढ्यात उगो खाली बसला.
दगडाच्या खाचेत
एकाच मुठीतून सांडल्यासारखी पाच रोपं, चिकटून.
पान चुरगळून त्याने हुंगलं, मला दिलं.
जांभूळ.
जवळपास जांभळीचं झाड नाही, कोसभर तरी नाही.
"आपण नाही लावलं हे," मी म्हणालो.
"उदमांजर," उगो म्हणाला, आणि हसला,
"पिशवी नाका, शेण नाका, वही नाका."

घरी येऊन वही उघडली.
पेरल्या: लिहिण्यासारखं काही नाही.
पाचाचा आकडा कुठे घालायचा कळेना,
शेवटी ट्रक क्रमांकाच्या रकान्यात घातला.

उद्या कॅतानच्या कुंपणाची निगडी छाटायची आहे.
त्याला वाटतं मी त्याच्यावर उपकार करतोय.
त्याचा कुत्रा उठायच्या आधी पोचायला हवं.