दोरीचं दुसरं टोक

दोरीचं एक टोक बेर्नाओलाच्या हातात असायचं,
दुसरं माझ्या.
मध्ये चुना.
मी सतरा वर्षांचा; दिवसाला पंधरा सोल
आणि दुपारी वाडगाभर सूप.

लीमाच्या पूर्वेला डोंगर बोडके होत जातात
तिथली ती घळ. रुंद, कोरडी,
गोट्यांनी भरलेली.
मी एकदाच विचारलं, इथून पाणी जातं का?
बेर्नाओला म्हणाला, वीस वर्षांत थेंब नाही.
ते खरं होतं.
खोटं एवढंच, की त्यानं वीसच मोजली.

डोंगरातून तुटलेल्या दगडाला कंगोरे असतात.
गोल व्हायचं तर त्याला
कुणीतरी लोळवत आणावं लागतं.
आमच्या वरच्या गावात हे शेंबडं पोरही सांगेल.
त्या घळीतले दगड सगळे गोल होते,
अंड्यांसारखे, कवट्यांसारखे,
आणि मी दोरी ताणून धरली.

सहा मीटर रुंद, पंधरा खोल: एक घर.
पुन्हा सहा, पुन्हा पंधरा.

एकतीस नंबर एदुविहेस कोंदोरीनं घेतला.
बस थांब्यावर ती पहाटे काढा विकायची.
पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत आणले होते, सगळी नाणी,
बेर्नाओलाला मोजायला तासभर लागला.
आधी बोरूच्या चटयांच्या भिंती,
मग विटा, मग पत्रा,
मग खांबांतून वर सोडलेल्या सळ्या,
पुढेमागे भाऊ लग्न करील तर
त्याला माडी चढवता यावी म्हणून.

दारात निळं पिंप.
मंगळवारी टँकर यायचा, पिंपामागे तीन सोल.
अंघोळीचं पाणी फरशीला,
भांड्यांचं पाणी डब्यातल्या जिरेनियमला.
अशी ती माणसं
नदीच्या अंथरुणात झोपून
पाणी विकत घेत होती.

मार्चमध्ये ते आलं तेव्हा आमच्याकडे पाऊस नव्हता.
हे सांगितलं तर लोकांना पटत नाही.
दोरीवरचे कपडे वाळलेले होते.
ढग फुटला तो वर, तीन तासांच्या अंतरावर,
जिथली बातमी पाणी स्वतःच घेऊन येतं.
आधी पेल्यातला चमचा वाजायला लागला.
मग कुत्री चढणीला लागली, न भुंकता.
मग वास.
मग काळा चिखल, माणसाएवढे दगड,
आणि त्यावर आडवा पडून येणारा
तोच मंगळवारचा टँकर.

किती मिनिटं, कुणालाच नीट सांगता येत नाही.

एदुविहेस थांब्यावर होती म्हणून वाचली.
भाऊ दीड दिवसानं सापडला, हायवेच्या पुलाखाली,
मुठीत घराच्या कागदाची फाईल.
त्या कागदावर बेर्नाओलाची सही आहे.
मोजणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

बेर्नाओला कुठे गेला ते विचारू नका.

चिखल वाळून भेगाळला तेव्हा ती माझ्याकडे आली.
म्हणाली, तू आखलं होतंस ना?
दाखव, एकतीस कुठे होता.
ओळखीचं काही उरलं नव्हतं,
फक्त एक सळी, तीही वाकलेली.
तिनं पिशवीतून दोरी काढली, नवी, नायलॉनची.
एक टोक मला दिलं.
पुन्हा तिथंच, ती म्हणाली,
दुसरीकडे मला देणार कोण?

मी टोक घेऊन चालायला लागलो.
सहा मीटरला थांबलो नाही.
गोल दगडांवरून, उताराकडे, वर,
हाताला कंगोरे लागेपर्यंत.
दोरी केव्हाच संपली होती,
तिच्या हातातून सुटून
माझ्यामागे सरपटत होती.

तिथे काटेरी तार होती. तारेपलीकडे पाटी,
कुठल्याशा कंपनीची खासगी जमीन.
पहारेकरी उठून उभा राहिला.

खाली ती तशीच उभी होती,
हात पुढे,
दोरी अजून हातात असल्यासारखा.