सव्वातीन

इआम्झेबाई परत आल्या.
लॅपटॉप काउंटरवर असा ठेवला
जसं कुणी बाजारात परत आणून ठेवतं
आतून नासकं निघालेलं कलिंगड.

"दोनाचे चार करून देतो म्हणालास.
चाराचे पैसे घेतलेस.
हा सव्वातीन दाखवतो.
पाऊण कुठंय, पाआता?"

कुतैसीतलं माझं दुकान जिन्याखालचं.
तीन माणसं आत आली की चौथ्यानं पायरीवर थांबायचं.
त्या दिवशी पायरीवर दोघं होते
आणि दोघांनीही ऐकलं.
मापात पाप, हा आळ इथं चीजवाल्यांवर येतो.
माझ्यावर पहिल्यांदाच.

मी पाठीचे स्क्रू काढले.
हिरव्या पट्ट्या दोन, दोन-दोनच्या.
नखानं एकेक चिप मोजून दाखवली.
काटा मारलेला नाही, बाई.
"मग यंत्र खोटं बोलतंय?"
तेही नाही.
जिथवर त्याचा हात पोचतो
तिथवरचंच ते सांगतं.

याच्या सिस्टिमकडे बत्तीस खुंट्या, मी म्हणालो,
प्रत्येकीवर शून्य टांगा नाहीतर एक.
उलटसुलट टांगून जेवढे पत्ते होतात
तेवढेच पत्ते. चार जीबीला पुरतील इतके,
वर एकही नाही.
पण पत्ता काय फक्त मेमरीलाच लागतो?
पडद्याची चिप आहे, नेटवर्कची आहे,
बटण दाबल्यावर सगळ्यांना उठवणारी
ती इवलीशी म्हातारी चिप आहे.
हाक मारायची तर प्रत्येकीला नंबर हवा.
त्या आधीच येऊन
वरच्या टोकाचे नंबर धरून बसल्यात.

बाई स्टुलावर बसल्या.
एकतीस वर्षं या बाईनं टपाल वाटलंय,
अजून डावा खांदा खाली आहे.

"म्हणजे घर आहे," त्या म्हणाल्या, "नंबर नाही."

तेच.

"रिओनीपलीकडं चढावर अशी नऊ घरं होती.
नंबर संपले पंपाशी, टाकीशी,
विजेच्या त्या कुंपणवाल्या खोलीशी.
यंत्रांना मिळाले, माणसांपर्यंत आलेच नाहीत.
झुझुनाचं घर, बहिऱ्या वालिकोचं,
चुली पेटायच्या, कुत्री अंगावर यायची,
आणि आमच्या नकाशात नुसतं गवत."

मग पत्रं?

"यायची ना. 'टाकीच्या वर, निळं फाटक',
बस, एवढंच लिहिलेलं.
साहेब म्हणायचे, परत पाठव.
मी घरी जाताना पिशवीत टाकून न्यायची.
घर माझं उलट्या दिशेला होतं."

पायरीवरच्या एकानं सिगारेट विझवली.

मी म्हणालो, याला ते जमत नाही.
याला सुट्टी नाही, घरी जाणं नाही,
नंबर नसेल तिथं हा जात नाही.
चौसष्ट खुंट्यांची सिस्टिम घालतो. बोर्ड तसा आहे.
मग नंबर इतके होतील की
नदीतल्या गोट्यागोट्याला वाटले तरी उरतील,
आणि ती पाऊण उचलून
चाराच्या वरच्या अंगाला बसवता येईल.
पण आत्ताच सांगून ठेवतो,
पुरते चार तरीही दिसायचे नाहीत.
पडद्याची चिप आपला घास आधी काढून घेते.

"चित्र तीच दाखवते ना?
घेऊ दे."

शुक्रवारी आल्या, चश्मा लावला,
तीन पूर्णांक नऊ, बोटानं वाचलं.
मग मध्येच विचारलं,
"इतके दिवस त्या पाऊणीत काय होतं?"

काही नाही, बाई. रिकामी होती.
वीज मात्र तिलाही मिळत होती.
सेकंदाला कितीतरी वेळा
बोर्ड तिला जागं ठेवत होता,
ती विझू नये म्हणून.

"चूल पेटलेली," त्या म्हणाल्या.
कुणाला उद्देशून, कोण जाणे.

मग सुटे पैसे मोजले. पुन्हा मोजले.
आणि हात तसाच पसरून ठेवला माझ्यासमोर,
कारण पाच तेत्री
खरोखरच कमी होते.