तीन नंबरचा उशीर

मे महिना, सकाळचे सव्वासहा.
पाचपावलीच्या गल्लीत सावली आहे तोवर
काम उरकायचं.
नंतर पाना उचलला की तळहाताला चटका,
आणि निनावेकाका म्हणतात,
"तपल्या गाडीसंग बोलू नोको. लबाड बोलते ते."

फोक्सवॅगन, अडुसष्ट सालची, एके काळी निळी.
हिला रेडिएटर नाही.
या शहरात उन्हाळाभर जो तो पाणी शोधतो,
चिमण्या कूलरच्या जाळीशी भांडतात,
आणि ही नुसत्या वाऱ्यावर जगते.
घेतली तेव्हा बँकेतले सगळे हसले होते.
मीही हसले होते, पण सही करून.

काकांच्या घरी माग होता.
वडील पाय खड्ड्यात सोडून लुगड्याचे काठ विणायचे
आणि हे शेजारी बसून धोटा ऐकायचे.
खट्,
मग एक एवढीशी जागा,
मग खट्.
धागा तुटणार असेल तर त्या जागेतच कळायचं.
माग गेला भंगारात. कान राहिला.
त्या एका कानावर चाळीस वर्षं
कामठीपासून बुटीबोरीपर्यंतच्या गाड्या चालल्या.

पुली हातानं फिरवली.
खाच आली सांध्यावर,
रोटरचं तोंड एक नंबरकडे.
पॉइंटच्या फटीत पत्ती सरकवली,
लग्नपत्रिकेच्या जाडीची.
स्कूटरचा जुना बल्ब, दोन वायरी.
डिस्ट्रिब्युटर केसभर वळवला
आणि स्पर्श सुटला त्याच क्षणी दिवा लागला.
"जोडलेलं असते तवा अंधार," काका म्हणाले,
"सुटते तवा ठिणगी."
आणि नाक शिंकरलं.

तीन नंबरच्या वाऱ्यात ऑइल कूलर उभा आहे.
तो कायम जास्त तापतो.
म्हणून बनवणाऱ्यानंच त्याची ठिणगी
दोन अंश मागे ठेवलेली.
"ज्याले वारा कमी पोचते
त्याले घाई नाई करायची."
हे ते दर वर्षी सांगतात.
मी दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करते.

मग कार्बोरेटर. डावा, उजवा.
दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा.
काकांनी रबरी नळी कानाला लावली,
दुसरं टोक डाव्याच्या तोंडाशी,
मग उजव्याच्या, परत डाव्याच्या.
स्क्रू पाव फेरा आत.
पाव फेरा बाहेर.
पुन्हा आत.

मला दोन पावलांवरून, नळीशिवाय, ऐकू येत होतं:
डावा जास्त ओढतोय.
आणि ते उजवाच पिळत होते.

मी काही बोलले नाही.
समोरच्या घरात कुणीतरी पोह्यांना फोडणी दिली.
इंजिन अडखळत राहिलं.

मग त्यांनी नळी कानातून काढली,
शर्टाला पुसली
आणि माझ्याकडे धरली.
"खडखड येते आयकू. हे बारीक सीऽ
दिवाळीपासून नाई येत.
पोट्ट्याले नको सांगू, दुकान बंद करन."

तर मी वाकले.
नळीत आधी माझंच रक्त ऐकू आलं,
मग त्याच्या मागून एक लांब, कोरडी शीळ,
बंद दाराच्या फटीत लू शिरते तशी.
"जास्त आहे."
ते फिरवायचे. "जास्त. अजून. बस."
माझं बस दर वेळी जरासं उशिरा यायचं
आणि स्क्रू पुढे निघून गेलेला असायचा.

चौथ्यांदा मात्र
मी तोंड उघडायच्या आत त्यांचा हात थांबला.
दोन्हीकडून एकच शीळ.
"कसं कळलं?"
"तुले किती उशीर लागते ते कळलं.
तेवढं आधीच थांबलो."

ऊन बोनेटवर आलं होतं.
त्यांनी पैसे निम्मेच घेतले.
मी भांडले, तर म्हणाले,
"कान तुवा होता ना बापा."

इंदोरा चौकातल्या सिग्नलला
मी काच खाली केली.
गाडी जागच्या जागी गुरगुरत होती, बरोबर.
मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता,
हिरवा कधीचा लागलेला.