पहाटेचं माप

रेणापूरच्या पुढं, मुरमाड माळावर,
मे महिना, पहाटेचे पावणेचार.
दैवशाला बॅटरी धरते,
मी हिवराची डहाळी कापतो.

ह्याच वेळेला यावं लागतं.
रात्रभर पानांची तोंडं मिटलेली,
मुळापासून शेंड्यापर्यंत ओढ निवत आलेली,
झाडाची तहान आणि मातीची तहान
एकच आकडा सांगतात.
ऊन वर आलं की झाडाचा हिशेब वेगळा.

डहाळी पोलादी डब्यात उलटी,
कापलेलं टोक तेवढं रबरातून बाहेर.
मग नळकांड्यातला वायू सोडत जायचा, हळू,
आणि टोकाकडं बघत राहायचं,
आत ओढलं गेलेलं पाणी परत येईस्तोवर.
आम्हाला जेवढा जोर लागतो
तेवढ्याच जोरानं झाड ओढत होतं.

"मोटार न्हाई, मग वर चढतंय कसं?"
तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
मी म्हणालो, खालून कुणी ढकलत नाही.
वर पानातून एक कण उडतो,
तो खालच्याला ओढतो, तो त्याच्या खालच्याला.
पाण्यानं पाण्याचा हात सोडायचा नाही,
एवढंच.
"आन् सोडला तर?"
तर मधे बुडबुडा शिरतो. ती नळी गेली.
"हवा धरली म्हना की,"
सहाशे चाळीस फुटांच्या बोअरची मालकीण म्हणाली
आणि पुढचं मला सांगावं लागलं नाही.

म्हणून झाड आधीच दार लावून घेतं.
कडेच्या लिंबानं काल दहालाच लावलं.
पण जेवणही त्याच दारातून येतं,
हवेतून.
पळसानं तर पानंच टाकली, मोकळा झाला.
तहान आणि भूक यात झाड भूक निवडतं,
असं मी अहवालात लिहिलं होतं.
साहेबांनी खोडलं : झाड निवडत नसतं.
दैवशालाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली,
"पहिल्या वर्षी निवडत असंल.
मग सवय."

काटा वीसवर.
मोटारसायकलच्या चाकात असते
त्याच्या दहापट हवा.
लिंब इथंच पाझरला होता.
तीस. टोक कोरडं.
पस्तीस. मी मागं सरकलो,
डबा उडाला तर डोळा जातो, असं शिकवलंय.
ती उलट पुढं वाकली.
"देत न्हाई हे."
तक्रार नव्हती ती.
आठवडी बाजारात भावाला चिकटून बसलेल्या
बाईकडं बघावं तसं
बघत होती डहाळीकडं.

एक्केचाळीस.
टोक आधी काळवंडलं, मग चमकलं,
मोहरीएवढंसुद्धा नाही.
मी वहीकडं वळलो
तेवढ्यात तिनं बोट लावून
ते जिभेवर ठेवलं.
"कसं लागतं?"
"कसलंच न्हाई."

खाली वेशीत टँकरचा हॉर्न.
तिच्या घागरी रांगेत तिसऱ्या, नणंदेच्या भरवशावर.
मी वायू सोडून दिला, फुस्स,
आणि डहाळी काढली. हिरवीच होती.
बॅटरी माझ्या हातात देऊन ती उतरणीला लागली,
मग थांबली.
"उद्या त्या कडच्या बोरीचं धरा.
सासूनं लावलीय माझ्या.
बगू, ती किती ताणतीय."