एकच मासा

योस्ट, मोजणीवाला परवा पुन्हा येऊन गेला.
तीन पायांवर यंत्र उभं केलं, एक डोळा मिटला,
म्हणाला, दहा वर्षांत तुमचं घर
वीतभर खाली उतरलंय.
मी म्हटलं, घर एकटं कुठे उतरलं?
गोठा उतरला, नासपतीचं झाड उतरलं,
दोन गायी, आणि मीही.
दार लागत नाही, त्याचं काय करू ते सांगा.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं. कॉफी नको म्हणाला.

हद्दीचा दगड आठवतो ना,
त्सेंटनरांचं कुरण आणि आपलं, यांच्यामधला?
आजोबा त्याच्यापायी कोर्टाची पायरी चढले.
बाबा अठरा वर्षं रेगुलाच्या बापाशी बोलले नाहीत,
चर्चमध्येसुद्धा एक बाक सोडून बसायचे.
आणि दगड आपला चालत होता.
कुणी हलवला नव्हता रे.
खाली पाणी पिऊन फुगलेला चुरा,
त्याच्यावर बसून निघाला होता
सेर्न्फ नदीकडे,
दोन्ही घरांच्या शिव्या खात.

समोरच्या कड्यावर ती रेघ अजून तशीच आहे.
वरचा खडक जुना, खालचा नवा.
शाळेत गुरुजींनी सांगितलं तेव्हा तू हसलास,
म्हणजे आपल्या घरासारखंच की,
आजोबा नातवाच्या छातीवर!
छडी बसली तुला. पण खोटं काय होतं त्यात?
कधीकाळी दक्षिणेकडून रेटा आला
आणि म्हातारं तरण्यावर चढलं
ते उतरलंच नाही.

बाबांच्या छातीत खालचा खडक गेला.
दिवसभर खाणीत पाट्या सोडवायचे:
पाचर, हातोडी, आणि कान.
टणक आवाज आला की थर सुटणार,
बद्द आला की ढिगाऱ्यात.
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी
त्या पाट्यांवर पहिली अक्षरं गिरवली असतील.
काळ्या दगडावरची रेघ म्हणे पुसत नाही.
आपण तर थुंकी लावून बाहीने पुसायचो,
आई ओरडायची.
खोकला तेवढा पुसता आला नाही.

काल माळा आवरताना त्यांचा पत्र्याचा डबा सापडला.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे,
पाटीत रुतलेले, काट्यानकाट्यासकट.
एक लांब, दाभणासारखा.
एक आखूड, पोटाळ.
संग्रहालयातल्या बाईंना दाखवले.
त्या म्हणाल्या, पूर्वीच्या विद्वानांनी
यांना निरनिराळी नावं दिली, निरनिराळी कुळं लावली.
पुढे कळलं, मासा एकच.
डोंगर चेपला जात होता तेव्हा
जो ओढीच्या दिशेने निजला होता तो लांबला,
जो आडवा निजला होता तो आखडला.
मासे कुठे निजायचं ते ठरवत नाहीत, त्या म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या.

तू सतरा वर्षांचा होतास, विंटरथुरच्या गाडीत बसलास तेव्हा.
मी गुरांना पाणी पाजत होते.

लांब मासा पोस्टाने पाठवतेय, लोकरीत बांधून.
आखूड इथे खिडकीत राहील.
रेगुला आली होती, कुंपण कुठून घालू विचारत होती.
आम्ही दोघी जाऊन त्या दगडावर बसलो,
तिच्याकडचं चीज खाल्लं.
किती खाली आलाय गं, ती म्हणाली.

दाराला खालून रंधा मारलाय.
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लागेल.