अडुसष्ट वाघिणी

किरुनाच्या यार्डात मी वाघिणी मोजते.
एका गाडीला अडुसष्ट, प्रत्येकीत शंभर टन.
नार्विकच्या धक्क्याकडे लोखंड
उताराने आपलं आपण जातं,
इंजिनाला नुसतं आवरावं लागतं.

रात्री दीडच्या सुमारास खाली खाणीत सुरुंग उडतो.
कपाटातल्या बशा किणकिणतात.
तोर्ग्नी झोपेतच माझ्या पोटावर हात ठेवतो,
जणू तिथलंच काही हललं.
अकरा वर्षं झाली.

चौदाव्या वर्षी शाळेतली नर्स म्हणाली होती,
सगळ्याच मुलींचं दुखतं, आउने.
छत्तिसाव्या वर्षी लुलेओच्या डॉक्टर फेरेश्तेबाईंनी
पडद्यावर बोट टेकवलं:
डावं अंडाशय, साडेपाच सेंटिमीटर, जुनं रक्त.
याला आम्ही चॉकलेट सिस्ट म्हणतो.
म्हणताना हसल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या.

मग रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
गर्भाशयाचं अस्तर, आत असायचं ते,
बाहेर जाऊन वस्तीला राहिलंय.
महिन्याच्या महिन्याला तेही पाळी पाळतं,
पण त्या घराला दार नाही.
रक्त साचतं, विरतं, त्यातलं लोखंड मोकळं होतं
आणि पेशीच्या पातळ, तेलकट कातडीला
गंज धरतो.
या मरणाला नाव आहे,
अलीकडचंच, लोखंडावरून ठेवलेलं.

मग त्या वाट चुकलेल्या का मरत नाहीत?

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
त्या बहुधा शिकल्यात, म्हणाल्या,
लोखंडाचे चणे पचवायला.
मरतात त्या शेजारणी,
बीजाभोवती कोंडाळं करून त्याला भरवणाऱ्या.
बहुधा, त्या पुन्हा म्हणाल्या.
उंदरांत दिसलंय. बायकांत अजून शोधतोय.

माझ्या पर्समध्ये तेव्हा लोहाच्या गोळ्या होत्या,
रक्तात कमी आहे म्हणून.
सतरा वर्षं मी मालवाहतुकीत आहे,
हा घोळ मला ओळखीचा वाटला:
माल आहे,
भलत्याच स्टेशनात उतरवलाय.

खाणीने जमीन पोखरली,
म्हणून आमचं शहर उचलून पूर्वेला नेतायत.
आईचं घर ट्रेलरवरून गेलं, पडद्यांसकट,
खिडकीतलं जेरेनियमसुद्धा तसंच.
शेजारची गुन्वोर म्हणाली, शहरानं कूस बदलली बघ.
मी म्हटलं, त्याला बदलता आली.
मग दोघी कितीतरी वेळ
रिकाम्या चौथऱ्याकडे बघत राहिलो.

ऑपरेशन मार्चमध्ये.
त्याआधी बीजं काढून गोठवतील, मिळतील तेवढी.
फेरेश्तेबाई आकडा सांगत नाहीत.
आकड्यांत जन्म गेला माझा, तरी मी विचारत नाही.

काल तिसरी गाडी सुटताना सदुसष्टच भरल्या.
पुन्हा मोजलं. सदुसष्ट.
शेवटून दुसरी नुसतीच जोडलेली,
तळाला बर्फ, कडेला तांबूस पापुद्रे.
वहीत तिच्यासमोर लिहिलं:
रिकामी. चालण्याजोगी.