खालच्या ओळी

शनिवारी सकाळी डंडीत धुकं असतं.
टे नदीवरचा पूल अर्ध्यात सोडून दिल्यासारखा दिसतो,
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर
एक रजई, भाजलेले शेंगदाणे, मी आणि ओजस.

टीव्हीवर कोहारू नावाची मुलगी निघालेली असते
हरवलेले वारे शोधायला.
सोबत एक कासव, पाठीवर दीपगृह असलेलं,
घाबरलं की विझणारं.
ती बोलते जपानी. खाली इंग्रजी ओळी पळतात.
ओजस साडेपाच वर्षांचा,
त्याला बी आणि डी अजून जुळे वाटतात.
मग मीच वाचायचं, मराठीतून,
एक हात शेंगदाण्यांत.

पहिले दोन भाग इमानदारीत केले.
तिसऱ्यापासून जीभ सुटली.
कासवाला मी वऱ्हाडी केलं,
"मले नाई जमत बाप्पा, तू जाय पुढं."
म्हातारी चेटकीण माझ्या आत्यासारखी नाकातून बोलू लागली,
आणि ढगांचा राजा दर भागात एकदा
भर दरबार थांबवून विचारायचा,
"दूध कोणाचं राहिलंय?"
ओजस मुकाट्यानं पेला रिकामा करायचा.
राजाज्ञा ती.

वाऱ्यांना नावं हवी होती. इंग्रजीत नुसतंच
पहिला वारा, दुसरा वारा.
मी अकोल्याची, समुद्र पाहिला तो लग्नानंतर.
नवऱ्याला विचारलं. तो मुरूडचा,
रात्रपाळीहून आलेला,
बूट काढता काढता म्हणाला,
मतलई. खारा.
आणि एक असतो,
आजोबा त्याला नुसतं "तो" म्हणायचे,
तो सुटला की होड्या वर ओढायच्या.
एवढं बोलून बसल्या जागी झोपला.
पुढच्या शनिवारी कोहारूला
"तो" सापडला,
एका बासरीच्या तिसऱ्या भोकात.

एकदा ओजस कॅलमकडे राहायला गेला
आणि रडवेला परत आला.
"त्यांच्याकडची कोहारू इंग्रजी बोलते, आई.
कासवसुद्धा. आणि राजा दुधाचं विचारतच नाही."
मग हळूच,
"त्यांना कोणीतरी फसवलंय."
मी काय बोलणार?
कढईतले शेंगदाणे करपू दिले.

एकोणिसाव्या भागात
दीपगृह विझतं ते पुन्हा लागत नाही.
खाली ओळ आली, तीनच शब्दांची.
मी म्हणाले, "दमलं बिचारं. झोपलं."
पण कोहारू एवढी रडत होती
की जोडावं लागलं,
"घोरतंय फार, म्हणून रडतेय ती."
ओजस खदखदून हसला.
विसाव्यात अंड्यातून छोटं कासव निघालं.
"अंघोळीनं आटलंय," म्हटलं मी. चाललं.

दोन वर्षं झाली.
परवा पुन्हा सगळं पहिल्यापासून लावलं,
कारण या वेळी कॅलमची धाकटी बहीण आली होती.
तिचं नाव आयला.
त्या नावावर माझा नवरा अजून हसतो
आणि कारण तिला सांगता येत नाही.
तिला वाचता येत नाही, मराठीही येत नाही.
म्हणून मी ओजसला सांगायचं
आणि ओजसनं तिला, इंग्रजीत,
कासवाच्या वाट्याला मात्र जाड डंडी बोली.

एकोणिसावा भाग.
मी घसा खाकरला,
तेवढ्यात ओजसचे ओठ हलताना दिसले.
तो वाचत होता. खालची ओळ,
तिन्ही शब्द, बोट न लावता.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.
माझ्या तोंडात दाणा होता, तो तसाच राहिला.
पडद्यावर ती रडत होती, आपल्या भाषेत,
आणि खोलीत कोणीच काही सांगत नव्हतं.

"काय झालं त्याला?" आयलानं विचारलं.

ओजसनं मांडीवरची सालं झटकली.
"झोपलंय," तिला म्हणाला,
"फार घोरतंय, म्हणून रडतेय ती."
आणि मग मला, मराठीत,
पडद्यावरची नजर न काढता,
"हिला दूध दे. राजा येईल आता."